फ्रेंच शिकताय? मग आधी मन रमवणारं पुस्तक शोधा

सांगली-मिरजेत फ्रेंच शिकणारी माणसं आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. कुणी सीबीएसई शाळेत भाषा म्हणून घेतलेली असते, कुणी हॉटेल मॅनेजमेंटला, कुणी कॅनडाला जायचं म्हणून परीक्षेची तयारी करत असतं, तर कुणी नोकरीतून मोकळं झाल्यावर हौसेनं शिकत असतं. ए२ पातळीपर्यंत सगळ्यांचं सुरळीत चालतं (ए१, ए२, बी१, बी२ या भाषा किती येते ते सांगणाऱ्या चढत्या पातळ्या). मग कुणीतरी सल्ला देतं, "आता वाचन वाढवा," आणि हातात पडते मोपासाँची 'ला पारुर' ही कथा किंवा काम्यूची 'लेत्राँझे' ही कादंबरी. कथेत एका उसन्या हारापायी नवराबायकोची दहा वर्षं कर्ज फेडण्यात जातात. कादंबरी आईच्या मृत्यूनं सुरू होते आणि मृत्युदंडाच्या कोठडीत संपते.

दोन्ही थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शिकाऊ वाचकाचं गणित वेगळं असतं. मराठीत आपण दुःखी कथा अर्ध्या तासात वाचून चहाला उठतो. फ्रेंचमध्ये तीच कथा आठवडाभर पुरते आणि कादंबरी असेल तर महिनोन्‌महिने. एवढा काळ ज्यांच्या संगतीत काढायचा ती माणसं जरा बरी नकोत का? वाचन सुटतं ते बहुतेक वेळा फ्रेंच अवघड म्हणून नाही, संगत जड म्हणून. आणि प्रसन्न पुस्तक म्हणजे बाळबोध पुस्तक, असंही नाही. फ्रेंचमध्ये उत्तम लेखकांनी हसतखेळत लिहिलेलं भरपूर आहे. ते फक्त शोधावं लागतं.

पायरी १ : पातळी पानावर तपासा

प्रमाणपत्रावर ए२ आहे की बी१, यावरून पुस्तक निवडू नका. पुस्तकाच्या मधलं एखादं पान उघडा. पहिलं नको, कारण पहिल्या पानावर लेखक बहुधा वर्णनात रमलेला असतो. सलग शंभर शब्द मोजा आणि अजिबात कळले नाहीत त्यांवर पेन्सिलीनं टिंब द्या. माणसांची-गावांची नावं सोडा. इंग्रजीच्या ओळखीनं कळणारे शब्दही सोडा. ते फुकटात मिळालेले आहेत.

दोन-तीन टिंबं असतील तर पुस्तक लोळत वाचता येईल. पाचच्या आसपास असतील तर शब्दकोश जवळ ठेवून जमेल. दहाच्या वर गेली तर पुस्तक कितीही गाजलेलं असो, पुढच्या वर्षासाठी ठेवा. हा नुसता अंदाज नाही. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात कथा मदतीशिवाय नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं दिसलं होतं. म्हणजे शंभरात दोन अनोळखी.

सोप्या फ्रेंचमध्ये संक्षिप्त केलेली पुस्तकं मिळतात, सीएलई आणि आशेत या प्रकाशकांच्या मालिका प्रसिद्ध आहेत. ए२ला ती जरूर वाचा, पण एक-दोनच. संक्षेप करताना गोष्ट उरते आणि विनोद गळून जातो, असं माझं मत आहे.

पायरी २ : भूतकाळ कोणता, ते बघा

ही पायरी वगळून पुस्तक घेणारे हमखास अडतात. वर्गात आपण 'पासे कोंपोझे' शिकतो, बोलण्यातला भूतकाळ. पण कथा-कादंबऱ्यांत शंभर वर्षांपूर्वी आणि आजही अनेकदा 'पासे सँप्ल' हा लिखाणातला भूतकाळ येतो. शिकवणीत तो उशिरा येतो किंवा येतच नाही, त्यामुळे वाचक पहिल्याच परिच्छेदात चक्रावतो. क्रियापद ओळखीचं, पण रूप अनोळखी.

त्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे सुरुवातीला पासे कोंपोझेत किंवा वर्तमानकाळात सांगितलेली पुस्तकं निवडायची. दुसरा म्हणजे पासे सँप्लची तृतीय पुरुषी रूपं नुसती ओळखायला शिकायची. ती बोलायची वा लिहायची वेळ शिकाऊ माणसावर येत नाही, म्हणून सगळा तक्ता पाठ करण्यात अर्थ नाही. पार्लेसारखी नेहमीची क्रियापदं सोपी आहेत: एकवचनात शेवटी 'आ' (इल पार्ला, तो बोलला), अनेकवचनात 'एर' (इल पार्लेर). उरतात ती रोजची अनियमित. इल फ्यु म्हणजे तो होता किंवा झाला, इल उ म्हणजे त्याला मिळालं किंवा त्याच्याकडे होतं, इल फी म्हणजे त्यानं केलं. मग व्ही (पाहिलं), व्हँ (आला), प्री (घेतलं), मी (ठेवलं), प्यु (करू शकला), द्यु (करावं लागलं), स्यु (कळलं). लिहिताना या सगळ्यांच्या शेवटी 'टी' हे अक्षर असतं, उच्चारात ते नसतं. एका पुठ्ठ्यावर लिहून तोच पुठ्ठा पुस्तकात खूण म्हणून घाला. 'इल व्ही'पाशी तेवढं जपा. ते 'त्यानं पाहिलं' असेल किंवा वर्तमानकाळातलं 'तो जगतो'. मागचंपुढचं वाक्य वाचलं की उलगडतं.

पायरी ३ : निवेदक, प्रकरणाची लांबी आणि शेवट

गोष्ट सांगणारा कोण आहे, हे लेखकाच्या कीर्तीपेक्षा महत्त्वाचं. लहान मूल, पत्र लिहिणारा, डायरी लिहिणारा असा 'मी' असेल तर वाक्यं बोलण्यासारखी येतात. प्रकरण सात-आठ पानांच्या आत संपत असेल तर एका बैठकीत काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटतं.

शेवट आधी बघण्यात काही गैर नाही. कथानक माहीत असलं तर शिकाऊ वाचकाला उलट शब्द जास्त कळतात. बाबेलिओ या फ्रेंच वाचकांच्या संकेतस्थळावर प्रत्येक पुस्तकाखाली वाचकांनी लावलेली लेबलं दिसतात: 'युमूर' म्हणजे विनोद, 'नुव्हेल' म्हणजे कथा, 'झ्यनेस' म्हणजे किशोरांसाठी. शोधताना 'लिव्र की फे द्यु बियँ', म्हणजे वाचून बरं वाटणारं पुस्तक, असं टाका. फ्रेंच वाचक असंच म्हणतात. मुलांच्या पुस्तकांवर कितव्या वर्षापासून वाचावं तेही छापलेलं असतं. नऊ वर्षांपासून पुढचं पुस्तक मोठ्या शिकाऊ माणसाला अगदी बेताचं बसतं. लाज वाटत असेल तर कव्हर घाला.

पायरी ४ : कोणती पुस्तकं

'ल पती निकोला' पासून सुरुवात करा, असं मी प्रत्येकाला सांगते. रने गोसिनी यांचा मजकूर आणि साँपे यांची चित्रं. पहिलं पुस्तक १९६० सालचं. निकोला हा शाळकरी मुलगा स्वतः सगळं सांगतो आणि मुख्यतः पासे कोंपोझेतच सांगतो, त्यामुळे दुसऱ्या पायरीची अडचण येत नाही. वाक्यं लांब असतात, पण शाळेतून घरी आल्यावर मूल धापा टाकत सांगतं तशी, 'आणि मग, आणि मग' करत. सतत खाणारा आल्सेस्त, बाईंचा लाडका आन्याँ, शेवटचा नंबर न सोडणारा क्लोतेर ही मंडळी दर गोष्टीत परत येतात आणि त्यांच्याबरोबर तेच शब्दही परत येतात. यातलं मर्म असं की मोठी माणसं का चिडली ते निकोलाला कळत नाही आणि आपल्याला कळतं. त्या फटीतून हसू येतं, आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थही अंदाजानं लागतो. शाळा तपासायला इन्स्पेक्टर येतात ती गोष्ट आधी वाचा. 'दिपोटी' येणार म्हणून वर्ग सारवून घेतलेल्या पिढीला तर प्रत्येक ओळ ओळखीची वाटेल.

दुसरं, आपल्या जिल्ह्यांसाठीच लिहिल्यासारखं: झाँ झिओनो यांची 'लॉम की प्लाँते देझार्ब्र', झाडं लावणाऱ्या माणसाची गोष्ट, १९५३ सालची. एका बैठकीत संपेल एवढीच. प्रोव्हाँसच्या वरच्या भागातला उजाड, वाऱ्यानं झोडपलेला मुलूख. विहिरी आटलेल्या, गावं ओस पडलेली. तिथे एक मेंढपाळ रोज रात्री ओकच्या बिया निवडतो, शंभर निर्दोष बिया बाजूला काढतो आणि दुसऱ्या दिवशी काठीनं भोकं पाडून त्या लावतो. तीन वर्षांत एक लाख लावल्या, वीस हजार उगवल्या, त्यातल्या निम्म्या जातील असा त्याचा हिशेब. पुढे दोन महायुद्धं होतात, हा आपला लावतच राहतो. जंगल उभं राहतं, ओढ्यांना पाणी येतं, माणसं परततात. माण-खटाव, जत, आटपाडीकडच्या माणसाला ही कथा परकी वाटणं अवघड आहे. मेंढपाळ मात्र काल्पनिक. झिओनो यांनीच १९५७ च्या एका पत्रात ते कबूल केलं आणि लोकांना झाडं आवडावीत हा हेतू होता असंही सांगितलं.

पहिली दोन पानं भूप्रदेशाच्या वर्णनाची आहेत. तिथे अडकू नका, मेंढपाळ भेटेपर्यंत सरळ पुढे जा. फ्रेदेरिक बाक यांनी १९८७ मध्ये यावर अर्ध्या तासाचा चित्रपट केला. त्याला ऑस्कर मिळालं. फ्रेंच आवृत्तीत फिलिप न्वारे हे अभिनेते मजकूर सावकाश वाचतात. पुस्तक मांडीवर घेऊन तो ऐकला की बी१चा माणूस बी२चा मजकूर पेलतो.

तिसरे मार्सेल एमे. 'ले कोंत द्यु शा पेर्शे' या गोष्टी १९३४ पासून पुस्तकरूपात आहेत. देल्फिन आणि मारिनेत या दोन बहिणी, त्यांचे कडक आईवडील आणि शेतावरची बोलणारी जनावरं. एका गोष्टीत मुली बैलांना लिहावाचायला शिकवतात. दुसरीत मांजर कानामागून पंजा फिरवतं आणि रोज पाऊस पडतो, कारण मुलींना खाष्ट मावशीकडे पाठवायचं नसतं. मग पावसानं वैतागलेली तीच मोठी माणसं दुष्काळ पडल्यावर मांजराच्या नाकदुऱ्या काढतात. पासे सँप्ल इथे आहे, पण संवाद इतके की पुठ्ठ्यावर काम भागतं.

ज्यांना गोष्ट नको, नुसता निवांतपणा हवा त्यांनी फिलिप दलेर्म यांचं 'ला प्रमिएर गोर्झे द बिएर' (१९९७) बघावं. दीड-दोन पानांचे लेख आणि विषय छोट्या सुखांचे: कुणाच्या तरी शेजारी बसून मटार सोलणं, तळघरातल्या सफरचंदांचा वास, रानात बोरांसारखी फळं वेचायला जाणं. काळ वर्तमान, कर्ता बहुतेक 'ओं', म्हणजे 'आपण'. व्याकरण सोपं, शब्द मात्र चविष्ट आणि अनोळखी. रोज एकच लेख वाचा.

ज्यूल व्हर्न मराठीत भा. रा. भागवतांनी आणला, त्यामुळे तो आपल्याला पाहुणा नाही. 'ऐंशी दिवसांत जगप्रवास' (१८७२) फ्रेंचमध्ये वाचताना मी एक आडवाट सुचवते: सदतीस प्रकरणांतली दहावं ते पंधरावं आधी वाचा. ती हिंदुस्थानातली आहेत. नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो, गाडी घाट चढून जाते, बुऱ्हाणपूरला तो सपाता विकत घेतो, पुढे रूळच संपतात आणि त्याचा मालक फॉग साहेब अव्वाच्या सव्वा किमतीला हत्ती खरेदी करतो. जागा ओळखीच्या असल्यानं शब्द आपोआप लागतात. सतीचा प्रसंग साहेबी चष्म्यातून आहे, त्यावर चिडायला हरकत नाही. फ्रेंचमध्ये चिडता येणं हीही प्रगतीच.

आल्फोंस दोदे यांचं 'लेत्र द मों मुलँ' (१८६९) चाळताना 'ल सू-प्रेफे ओ शाँ' एवढी कथा उचला. भाषण लिहायला रानात थांबलेला सरकारी अधिकारी, आपल्याकडचा प्रांतच समजा, आणि पाखरं-फुलं त्याला काम करू देत नाहीत. त्याच पुस्तकातली सेगँ साहेबांच्या बकरीची कथा सगळे सुचवतात. त्या बकरीला शेवटी लांडगा खातो, एवढं सांगून ठेवते.

मार्सेल पान्योल यांच्या बालपणीच्या आठवणी, 'ला ग्ल्वार द मों पेर' (१९५७), बी२ झाल्यावर. शिक्षक वडील, डोंगरातली सुट्टी, पहिली शिकार. पक्ष्या-झाडांची प्रोव्हाँसी नावं सरळ गाळून वाचा. पुढचा भाग 'ल शातो द मा मेर' तितकाच गोड आहे, फक्त अखेरची काही पानं एकदम डोळ्यांत पाणी आणतात.

बाकीची झटपट. 'ल पती प्रँस' (१९४३) सुंदर आहे, पण प्रसन्न म्हणवत नाही आणि भूतकाळही लिखाणातला. दुसरं-तिसरं पुस्तक म्हणून ठीक. चित्रकथांपैकी आस्तेरिक्स शब्दांच्या कोट्यांनी भरलेलं असतं, निम्मा विनोद निसटतो; त्यापेक्षा टिनटिन सोपं. आर्सेन ल्यूपँ या सभ्य चोराच्या कथा (१९०७) बी२ला मजेदार. ला फोंतेनच्या नीतिकथांची भाषा सतराव्या शतकातली, तरी दोन बदकं आणि कासव ही कविता वाचून बघा. पंचतंत्रातली गोष्ट आहे. १६७८ च्या भागात त्यानं पिल्पाय या भारतीय ऋषीचं ऋण मान्य केलं आहे.

पायरी ५ : मिळवायचं कुठून

सांगलीतल्या किंवा साताऱ्यातल्या दुकानात ही पुस्तकं मांडलेली सापडणार नाहीत. भिलार पुस्तकांचं गाव खरं, पण तिथे फ्रेंचची आशा ठेवून महाबळेश्वरची गाडी पकडू नका. (फ्रान्समध्ये ब्रिटनीतलं बेशरेल १९८९ पासून असंच पुस्तकांचं गाव आहे.) पुण्याला अलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेचं ग्रंथालय आहे. साताऱ्याहून ते जवळ पडतं, सांगलीकरांनी दोघा-तिघांत मिळून एक सभासदत्व घेतल्यास चालेल का, ते विचारावं. छापील प्रत मागवताना 'पोश' म्हणजे खिशातली आवृत्ती मागा: फोलिओ, लिव्र द पोश, आणि निकोलासाठी फोलिओ ज्युनिअर. नावाऐवजी तेरा अंकी आयएसबीएन द्या, नाहीतर इंग्रजी भाषांतर घरी येतं.

जुनी पुस्तकं कायदेशीरपणे फुकट आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. त्यामुळे दोदे, व्हर्न, ल्यूपँचे लेखक लब्लाँ आणि 'ल पती प्रँस'चे सँतेग्झ्युपेरी इथे मुक्त आहेत. फ्रेंच विकिसोर्स आणि गुटेनबर्गवर बराच मजकूर आहे. लितेरात्यूर ऑडिओ आणि लिब्रिव्हॉक्स या स्थळांवर स्वयंसेवकांनी वाचलेले आवाज आहेत. गोसिनी, झिओनो, पान्योल अजून हक्कांत आहेत. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ सोडून द्या. पार्श्वभूमी हवी असेल तर वाईच्या मराठी विश्वकोशातली 'फ्रेंच साहित्य' ही नोंद इंटरनेटवर मोफत वाचता येते.

पायरी ६ : वाचायचं कसं

रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. प्रकरण एकदा शब्दकोशाशिवाय शेवटपर्यंत वाचा, अडलेल्या शब्दांखाली रेघ ओढत. दुसऱ्यांदा वाचताना फक्त दोनदा आलेले किंवा वाट अडवणारे शब्द शोधा. पानाला चार-पाच पुरे. लारूसचा फ्रेंच-फ्रेंच कोश आणि विक्सिओनेर दोन्ही मोफत आहेत. मोबाइलवर शब्दावर बोट दाबून अर्थ बघण्याची सोय चांगली, पण ती सवय लागली की गोष्ट बाजूला राहते आणि बोटच चालतं.

दोन-तीन प्रकरणांनंतरही रमलं नाही तर पुस्तक सोडा. दानिएल पेनाक यांनी 'कॉम अँ रोमाँ' (१९९२) मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. त्यात पानं गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे आणि मोठ्यानं वाचण्याचाही. आपल्या शाळांनी हे तिन्ही काढून घेतलेले असतात, म्हणून शिकाऊ माणूस कंटाळवाणं पुस्तक कर्तव्य म्हणून ओढत बसतो.

पायरी ७ : मोठ्यानं वाचा, शक्यतो चौघांत

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड आहे. त्याचा फायदा घ्या. फ्रेंच नाटककार मोलिएरचं 'लाव्हार' (१६६८), म्हणजे 'कंजूष', पद्यात नाही, गद्यात आहे, त्यामुळे बी२च्या आसपास पोचलेल्यांना जमतं. गोष्ट अवघड जाणार नाही: अत्र्यांचं 'कवडीचुंबक' याच कंजुषावरून बेतलेलं आहे. आधी ते मराठीतून वाचून काढा.

सुरुवात पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशापासून करा. तीन पात्रं पुरतात. म्हातारा आर्पागों मुलीचं लग्न एका पोक्त माणसाशी ठरवतो आणि कुणी काहीही बोललं तरी एकच उत्तर देतो: 'साँ दोत', हुंड्याशिवाय! समोरचा दरवेळी नवा मुद्दा काढतो, म्हातारा तेच दोन शब्द फेकतो. त्यामुळे आर्पागोंची भूमिका सगळ्यात कच्च्या माणसाला द्या. मग पाचव्या अंकाचा तिसरा प्रवेश: म्हातारा चोरीला गेलेल्या पैशाच्या पेटीबद्दल बोलतोय आणि त्याच्या मुलीवर प्रेम करणाऱ्या व्हालेरला वाटतं, मुलीबद्दल. इथे वाक्यं लांब आहेत, म्हणून दोघांनी आधी घरी एकदा वाचून यावं. चौथ्या अंकाचं सातव्या प्रवेशातलं स्वगत, पेटी गेल्यावरचा आक्रोश, एकट्याचं आहे. ते सगळ्यात तयार माणसासाठी राखून ठेवा. लितेरात्यूर ऑडिओवर नाटकांची वाचनंही आहेत, तिथे शोधून आदल्या दिवशी ऐकून घ्या, म्हणजे जागच्या जागी उच्चारांवर थांबावं लागणार नाही.